विश्लेषण : घरभेद्याच्या शोधात घरच पोखरले गेले… ‘सीआयए’चे जेम्स अँगलटन कोण होते?

शत्रूची गुपिते मिळवणे हे हेराचे काम. आपली गुपिते शत्रूला कोण पुरवतो आहे, हे शोधणे हे प्रतिहेरगिरी करणाऱ्याचे काम. पहिल्या कामावर शेकडो चित्रपट निघाले. दुसरे काम मात्र बहुतांश बंद खोलीत, जुन्या फायली, तारखा आणि नावांच्या याद्या चाळत चालते. या कामाला विसाव्या शतकात एक चेहरा मिळाला तो जेम्स जीझस अँगलटन यांचा. अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तचर संस्थेत, म्हणजे ‘सीआयए’त, १९५४ ते १९७४ अशी सलग २० वर्षे ते प्रतिहेरगिरी विभागाचे प्रमुख होते. संस्थेत एखादा घरभेदी शिरलाच तर त्याला शोधून काढणे, ही त्यांची जबाबदारी होती. त्यांच्या काळात संस्थेच्या कर्मचाऱ्यांत असा एकही घरभेदी सापडला नाही. त्या शोधापायी अनेक निरपराध अधिकाऱ्यांची कारकीर्द मात्र संपली आणि एका माणसाची साडेतीन वर्षे कोठडीत गेली. हे कसे घडले आणि त्यातून गुप्तचर संस्था काय शिकल्या, याचा हा आढावा.

प्रतिहेरगिरी विश्लेषक नेमके काय करतात?

त्यांच्यापुढे साधारण तीन प्रश्न असतात. पहिला, आपल्याकडे फुटून आलेला शत्रूचा माणूस खरा आहे की मुद्दाम पाठवलेला? दुसरा, आपली एखादी मोहीम फसली, तर ती योगायोगाने फसली की कोणी माहिती फोडली? तिसरा, माहिती फोडली असेल, तर ती कोणाकोणाला ठाऊक होती?

उत्तरे शोधण्याची पद्धत कंटाळवाणी असते. फसलेल्या मोहिमांची यादी करायची. प्रत्येक मोहिमेची माहिती असलेल्यांची यादी करायची. दोन्ही याद्यांत पुन्हा पुन्हा येणारी नावे वेगळी काढायची. मग त्या व्यक्तींचे प्रवास, बदल्या, भेटीगाठी आणि खर्च तारखांसह मांडायचे. फुटून आलेल्या माणसाने दिलेला प्रत्येक तपशील स्वतंत्र मार्गाने पडताळायचा.

या कामाचा धोकाही यातच आहे. विश्लेषक फार भोळा असेल, तर शत्रूचा माणूस वर्षानुवर्षे शेजारच्या खुर्चीत बसून राहतो. तो फार संशयी असेल, तर खरी माहिती घेऊन आलेला माणूस खोटा ठरतो आणि स्वतःचेच सहकारी गुन्हेगार वाटू लागतात. अँगलटन यांच्या आयुष्यात या दोन्ही चुका एकामागून एक घडल्या.

मिलान, येल आणि कविता

अँगलटन यांचा जन्म ९ डिसेंबर १९१७ रोजी अमेरिकेतील आयडाहो राज्यातील बॉइझी शहरात झाला. वडील ह्यू अँगलटन घोडदळातून मेक्सिकोच्या मोहिमेवर जाऊन आलेले. आई कारमेन मोरेनो मूळच्या मेक्सिकोच्या. मुलाचे मधले नाव ‘जीझस’ आईकडच्या परंपरेतून आले. पुढे वडिलांनी ‘नॅशनल कॅश रजिस्टर’ या कंपनीचा इटलीतील व्यवसाय हाती घेतला आणि कुटुंब मिलानला गेले. मुलाचे शालेय शिक्षण इंग्लंडमधील माल्व्हर्न कॉलेजात झाले. त्यामुळे अमेरिकी, इटालियन आणि इंग्रजी अशा तिन्ही वातावरणांत ते सहज वावरू लागले.

येल विद्यापीठात त्यांचे लक्ष अभ्यासक्रमापेक्षा कवितेकडे अधिक होते. मित्र रीड व्हिटेमोर यांच्यासोबत त्यांनी १९३९ मध्ये ‘फ्युरिओसो’ नावाचे नियतकालिक सुरू केले. एझ्रा पाउंड, ई. ई. कमिंग्ज यांच्यासारख्या कवींचे साहित्य त्यात छापले गेले. कवितेतील एकेका शब्दाचे दोन-तीन अर्थ लावून पाहणाऱ्या समीक्षेचा तो काळ होता. वरवर दिसणाऱ्या अर्थाखाली दुसरा अर्थ दडलेला असतो, ही सवय अँगलटन यांना तिथे लागली, असे त्यांचे चरित्रकार मांडतात. कवितेत ती सवय शोभते. जिवंत माणसांचे जबाब वाचताना तिला कुठे थांबवायचे, हा प्रश्न पुढे त्यांच्यासमोर आला.

लंडनमध्ये कोणते धडे मिळाले?

दुसऱ्या महायुद्धात १९४३ मध्ये अँगलटन लष्करात दाखल झाले. त्याच वर्षी सिसिली डॉट्रमाँट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. येलमधील त्यांचे प्राध्यापक नॉर्मन होम्स पिअरसन तेव्हा ‘सीआयए’ची पूर्वज संस्था असलेल्या ‘ओएसएस’मध्ये काम करत होते. त्यांच्यामुळे अँगलटन या संस्थेच्या प्रतिहेरगिरी शाखेत, ‘एक्स-२’मध्ये, आले आणि त्यांची रवानगी लंडनला झाली.

लंडनमध्ये त्यांना या विद्येचे सर्वात यशस्वी रूप पाहायला मिळाले. ब्रिटिशांनी आपल्या भूमीवरील जर्मन हेर पकडले होते आणि त्यांतील अनेकांना फिरवून त्यांच्याच हातून जर्मनीला खोटी माहिती पुरवली जात होती. जर्मनांचे गुप्त संदेशही ब्रिटिश उलगडत असल्याने शत्रू त्या थापांवर विश्वास ठेवतो आहे का, हेही त्यांना कळत होते. एका देशाची संपूर्ण हेरयंत्रणा शत्रू आपल्या तालावर नाचवू शकतो, हे अँगलटन यांनी ऐन पंचविशीत पाहिले. जे ब्रिटिशांनी जर्मनीचे केले, ते सोव्हिएत संघ आपले करणार नाही कशावरून, ही शंका पुढे त्यांच्या मनातून कधीच गेली नाही.

लंडनमध्ये हे बारकावे समजावून देणाऱ्यांत एक हुशार, मनमिळाऊ ब्रिटिश अधिकारी होता. त्याचे नाव किम फिल्बी.

१९४४ च्या अखेरीस अँगलटन यांना रोमला पाठवण्यात आले. तिशीही गाठलेली नसताना ते इटलीतील ‘एक्स-२’चे प्रमुख झाले. युद्ध संपले, ‘ओएसएस’ बरखास्त झाली, तरी ते तिथेच राहिले. १९४७ मध्ये ‘सीआयए’ स्थापन झाल्यावर ते वॉशिंग्टनला परतले आणि नव्या संस्थेत रुजू झाले.

फिल्बीने काय केले?

१९४९ मध्ये फिल्बी ब्रिटिश गुप्तचर संस्थेचा प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनला आला. जुनी ओळख घट्ट झाली. ‘हार्वीज’ या प्रसिद्ध उपाहारगृहात दोघांची दुपारची जेवणे नियमित होत. दोन मित्रदेशांचे अधिकारी एकमेकांशी बोलत होते, त्यामुळे त्यात गैर असे काही दिसत नव्हते. प्रत्यक्षात फिल्बी १९३० च्या दशकापासून सोव्हिएत संघासाठी काम करत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ‘सीआयए’ची गत झाली होती.

संशयाचा पहिला धागा विश्लेषकांनीच पकडला होता, पण तो अँगलटन यांच्या विभागात नव्हे. अमेरिकी लष्कराचे तज्ज्ञ युद्धकाळातील सोव्हिएत तारा उलगडत होते. ‘व्हेनोना’ या नावाने हा प्रकल्प ओळखला जातो. त्यात ‘होमर’ या टोपणनावाचा एक हेर दिसत होता. १९४४ मधील एका तारेत त्याची गर्भवती पत्नी न्यूयॉर्कमध्ये राहते, असा उल्लेख होता. तो तपशील ब्रिटिश राजनैतिक अधिकारी डोनाल्ड मॅक्लीन याच्याशी जुळला. एवढ्याशा घरगुती माहितीवरून एक मोठा हेर उघडा पडत होता.

‘व्हेनोना’तील माहिती फिल्बीपर्यंतही पोहोचत होती. मॅक्लीन आणि त्याचा साथीदार गाय बर्जेस २५ मे १९५१ रोजी इंग्लंडमधून पसार झाले. बर्जेस तोपर्यंत वॉशिंग्टनमध्ये फिल्बीच्याच घरी राहत असे. साहजिकच संशयाची सुई फिल्बीकडे वळली. ‘सीआयए’चे दुसरे अधिकारी विल्यम हार्वी यांनी घटनाक्रम जुळवून फिल्बी सोव्हिएत हेर असल्याचा निष्कर्ष लेखी मांडला. अँगलटन यांच्या टिपणात मात्र फिल्बीवर तसा आरोप नव्हता. अमेरिकेच्या दबावामुळे फिल्बीला परत बोलावले गेले. तरी पुराव्याअभावी तो सुटला आणि नंतर पत्रकार म्हणून बैरुतला गेला. जानेवारी १९६३ मध्ये तो तिथून नाहीसा झाला आणि मॉस्कोत प्रकटला.

तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. आपला गुरू आणि मित्र आपल्याशी वर्षानुवर्षे खोटे बोलत होता, हे अँगलटन यांना मान्य करावे लागले. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. अँगलटन यांचे तसेच झाले, फक्त ते ताक म्हणजे त्यांच्या संस्थेतील माणसे होती.

‘सीआयए’त त्यांचे वजन एवढे का होते?

फिल्बी प्रकरणानंतरही अँगलटन यांची पत घसरली नाही. १९५४ मध्ये ‘सीआयए’चे संचालक अॅलन डलेस यांनी त्यांच्याकडे नव्या प्रतिहेरगिरी विभागाची सूत्रे दिली. इस्रायलशी असलेला गुप्तचर संपर्कही त्यांच्याच हाती होता. सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांनी फेब्रुवारी १९५६ मध्ये पक्षाच्या बंदद्वार अधिवेशनात स्टॅलिनवर टीका करणारे भाषण केले. त्या भाषणाची प्रत इस्रायलमार्फत अँगलटन यांच्याकडे आली आणि जूनमध्ये ती अमेरिकी वृत्तपत्रांत झळकली. शीतयुद्धातील ही मोठी कामगिरी मानली गेली.

विभागात संशोधन आणि विश्लेषणाची स्वतंत्र शाखा होती. तिचे प्रमुख रेमंड रोका यांनी जुन्या सोव्हिएत मोहिमांचा खोल अभ्यास केला होता. त्यातील सर्वात गाजलेली म्हणजे १९२० च्या दशकातील ‘ट्रस्ट’. सोव्हिएत गुप्त पोलिसांनी स्वतःच एक बनावट सरकारविरोधी संघटना उभी केली आणि खऱ्या विरोधकांना तिच्या जाळ्यात ओढले. अँगलटन यांच्या विचारांवर या इतिहासाचा मोठा पगडा होता.

माणूस म्हणूनही ते लोकांना गूढ वाटत. पडदे ओढलेली खोली, टेबलावर फायलींचे ढीग, हातात सतत सिगारेट. घरी ऑर्किडची निगा आणि सुट्टीत गळ टाकून मासेमारी. दोन्ही छंदांना चिकाटी लागते आणि ती त्यांच्याकडे भरपूर होती.

गोलित्सिन यांनी काय सांगितले?

डिसेंबर १९६१ मध्ये सोव्हिएत गुप्तचर संस्था ‘केजीबी’चे अधिकारी अनातोली गोलित्सिन पत्नी व मुलीसह हेलसिंकी येथे ‘सीआयए’कडे आले. त्यांची काही माहिती खरी आणि मोलाची होती. ‘नाटो’च्या मुख्यालयातील फ्रेंच हेर जॉर्ज पॅक याच्यापर्यंत तपास पोहोचण्यास तिचा उपयोग झाला.

त्यासोबत त्यांनी आणखी तीन गोष्टी सांगितल्या. ‘सीआयए’मध्ये ‘साशा’ या टोपणनावाचा घरभेदी आहे. तो जर्मनीत काम केलेला असून त्याचे आडनाव ‘क’ने सुरू होते. आणि आपल्यानंतर फुटून येणारे सोव्हिएत अधिकारी आपल्याला खोटे पाडण्यासाठी मुद्दाम पाठवलेले असतील. सोव्हिएत संघ आणि चीन यांच्यातील वाद हेही नाटकच आहे, असेही त्यांचे म्हणणे होते.

अँगलटन यांनी गोलित्सिन यांच्यावर जवळपास पूर्ण विश्वास टाकला. एवढेच नव्हे, तर ‘सीआयए’च्या गोपनीय फायली त्यांना वाचायला दिल्या. म्हणजे ज्याची माहिती तपासायची, तोच इतरांची माहिती तपासणारा झाला. फायली वाचून तो नवी नावे सुचवू लागला आणि ती नावे फायलींशी जुळतही गेली, कारण ती तिथूनच आली होती.

मूळ घोटाळा तर्काचा होता. नवा माणूस गोलित्सिन यांच्याशी सहमत असेल, तर गोलित्सिन खरे. तो असहमत असेल, तर तो पाठवलेला, म्हणजे पुन्हा गोलित्सिनच खरे. कोणत्याही पुराव्याने जो सिद्धांत खोटा ठरू शकत नाही, तो खरा आहे की नाही हेही कधी कळू शकत नाही.

संशयाचे बळी कोण ठरले?

‘क’ अक्षराच्या शोधात पहिला मोठा फटका पीटर कार्लो यांना बसला. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेले हे अधिकारी जर्मनीत काम करून आले होते आणि त्यांच्या घराण्याचे जुने आडनाव क्लिबान्स्की होते. एवढी जुळणी पुरेशी ठरली. चौकशीत काही सापडले नाही, तरी १९६३ मध्ये त्यांना संस्था सोडावी लागली. इतर अनेक अधिकाऱ्यांच्या बढत्या रोखल्या गेल्या, त्यांना दूरच्या नेमणुका मिळाल्या, आणि त्यामागचे कारणही त्यांना सांगितले गेले नाही. या अन्यायाची भरपाई देता यावी म्हणून अमेरिकी काँग्रेसने १९८० मध्ये कायद्यात खास तरतूद केली. कार्लो यांना त्यानुसार भरपाई मिळाली.

‘साशा’ हा पूर्णपणे कल्पनेतला नव्हता. इगोर ऑर्लोव्ह नावाचा, जर्मनीत ‘सीआयए’साठी कंत्राटावर काम केलेला एक माणूस सोव्हिएत हेर होता. त्याचे पूर्वीचे नाव अलेक्झांडर कोपात्स्की. तो नंतर अमेरिकेत व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे चित्रांच्या चौकटी बनवण्याचे दुकान चालवत होता. तो संस्थेचा अधिकारी नव्हता आणि मुख्यालयातील गुपिते त्याच्या आवाक्यात नव्हती. तो लक्षात आल्यावरही शोध थांबला नाही.

युरी लोगिनोव्ह यांची कथा अधिक क्रूर आहे. खोट्या ओळखीने परदेशांत वावरणारे हे ‘केजीबी’चे अधिकारी १९६१ पासून ‘सीआयए’च्या संपर्कात होते. अँगलटन यांच्या विभागाने त्यांना बनावट ठरवले. १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांना अटक झाली आणि १९६९ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ते सोव्हिएत संघाच्या हवाली केले गेले. पुढे ‘सीआयए’च्याच फेरतपासणीत ते खरे असल्याचा निष्कर्ष निघाला.

संशयाची साथ देशाबाहेरही गेली. कॅनडाच्या पोलीस दलातील प्रतिहेरगिरी अधिकारी जिम बेनेट यांना १९७२ मध्ये जावे लागले. १९९३ मध्ये तेथील सरकारने त्यांना निर्दोष ठरवले. खरा फितूर त्याच दलातील दुसरा अधिकारी निघाला, आणि तोवर त्याचा मृत्यू झाला होता. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सनही या संशयातून सुटले नाहीत.

नोसेन्को यांच्याबरोबर काय झाले?

‘केजीबी’चे अधिकारी युरी नोसेन्को यांनी जून १९६२ मध्ये जिनिव्हात ‘सीआयए’शी संपर्क साधला आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये ते फुटून आले. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. मारेकरी ली हार्वे ओस्वाल्ड सोव्हिएत संघात राहून आला होता. त्याची फाइल आपण पाहिली असून ‘केजीबी’ला त्याच्यात रस नव्हता, असे नोसेन्को यांनी सांगितले. हे सांगणे सोव्हिएत संघाच्या सोयीचे होते. शिवाय त्यांच्या बोलण्यात विसंगती होत्या आणि पदाबद्दल त्यांनी फुगवून सांगितले होते. गोलित्सिन यांनी वर्तवलेला खोटा माणूस हाच, असे ठरले.

एप्रिल १९६४ मध्ये त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. ही कारवाई ‘सीआयए’च्या सोव्हिएत विभागाने केली, पण तिचा पाया अँगलटन आणि गोलित्सिन यांच्या सिद्धांतातच होता. आधी एका घराच्या माळ्यावर आणि नंतर खास बांधलेल्या खिडकी नसलेल्या काँक्रीटच्या कोठडीत त्यांना ठेवले गेले. वाचायला पुस्तक नाही, बोलायला माणूस नाही. वेळ घालवायला त्यांनी कपड्यांच्या धाग्यांपासून बुद्धिबळाच्या सोंगट्या बनवल्या, तर त्या काढून घेण्यात आल्या. एकूण १,२७७ दिवस असे गेले. या काळात त्यांच्यावर ना खटला चालला, ना आरोप ठेवला गेला.

१९६८ मध्ये ‘सीआयए’च्या सुरक्षा कार्यालयातील ब्रूस सोली यांनी प्रकरण पहिल्यापासून तपासले. नोसेन्को यांनी दिलेल्या माहितीतून प्रत्यक्षात काय हाती लागले, हे त्यांनी पाहिले. मॉस्कोतील अमेरिकी दूतावासात लपवलेले मायक्रोफोन सापडण्यात त्या माहितीचा वाटा होता. खोटे सांगायला आलेला माणूस इतके खरे घेऊन येत नाही, असा निष्कर्ष निघाला. नोसेन्को यांना मोकळे करून सल्लागार म्हणून कामावर घेण्यात आले. अँगलटन यांना तो निष्कर्ष अखेरपर्यंत पटला नाही. काही जुन्या अधिकाऱ्यांनीही नोसेन्को यांच्याबद्दलच्या शंका नंतर पुस्तकांतून मांडल्या, परंतु ‘सीआयए’ची अधिकृत भूमिका बदलली नाही.

त्यांची गच्छंती कशी झाली?

न्यूयॉर्कमार्गे सोव्हिएत संघात जाणारी आणि तिथून येणारी पत्रे ‘सीआयए’ १९५२ पासून उघडत होती. १९५५ पासून हे काम अँगलटन यांच्या विभागाकडे होते. १९७३ पर्यंत दोन लाखांहून अधिक पत्रे उघडून त्यांची छायाचित्रे घेतली गेली. हे अमेरिकी कायद्याविरुद्ध होते. व्हिएतनाम युद्धविरोधी आंदोलनामागे परकीय हात आहे का, हे शोधण्यासाठी १९६७ मध्ये सुरू झालेली ‘केऑस’ मोहीमही कागदोपत्री याच विभागात होती. तिच्यात सुमारे ७,२०० अमेरिकी नागरिकांच्या फायली तयार झाल्या. परकीय हात सापडल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही.

१९७३ मध्ये संचालक झालेले विल्यम कोल्बी यांना अँगलटन यांच्या कामातून काय निष्पन्न होते, हेच उमगत नव्हते. पत्रकार सेमूर हर्श यांनी २२ डिसेंबर १९७४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये या देशांतर्गत पाळतीची बातमी फोडली. कोल्बी यांनी त्याआधीच अँगलटन यांना पद सोडायला सांगितले होते. बातमीनंतर परतीचा मार्ग बंद झाला. पुढच्या वर्षी सिनेटच्या चर्च समितीने त्यांची साक्ष घेतली.

त्यांच्या जागी आलेल्या जॉर्ज कलॅरिस यांना कार्यालयातील काही तिजोऱ्या ड्रिलने फोडाव्या लागल्या. संस्थेच्या मुख्य नोंदींत कधीच न गेलेले कागद त्यांत सापडले. आणखी एक विचित्र गोष्ट उघड झाली. विभागातीलच विश्लेषक एडवर्ड पेटी यांनी अँगलटन यांचीच पद्धत अँगलटन यांना लावून पाहिली होती. संस्थेचे सर्वाधिक नुकसान कोणी केले, फिल्बीचा मित्र कोण होता, सगळी माहिती कोणाला असे, अशी उत्तरे जुळवत घरभेदी खुद्द अँगलटनच असावेत, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. तोही कधी सिद्ध झाला नाही. सापसाप म्हणून भुई धोपटण्याचा शेवट असा धोपटणाऱ्यापाशीच येऊन थांबला.

खरा घरभेदी कसा सापडला?

अँगलटन गेल्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. घरभेद्याचा शोध हा शब्दच बदनाम झाला आणि त्या वातावरणाचा फायदा एका अधिकाऱ्याला मिळाला. एप्रिल १९८५ मध्ये ऑल्ड्रिच एम्स वॉशिंग्टनमधील सोव्हिएत दूतावासात स्वतःहून गेला आणि पैशांसाठी माहिती विकू लागला. तो ‘सीआयए’च्या सोव्हिएत विभागात प्रतिहेरगिरीचेच काम पाहत होता. त्याने नावे दिलेल्यांपैकी किमान दहा जणांना देहदंड झाला.

हेर एकामागून एक पकडले जात असल्याचे दिसल्यावर १९८६ मध्ये जीन व्हर्टफॉय यांच्या नेतृत्वाखाली एक लहानसे पथक नेमले गेले. काम वर्षानुवर्षे रेंगाळले. शेवटी १९९२ मध्ये सँड्रा ग्राइम्स यांनी एम्सच्या आयुष्याचा दिवसवार तक्ता मांडला. तो कामाच्या निमित्ताने सेर्गेई चुवाखिन या सोव्हिएत राजनैतिक अधिकाऱ्याला उघडपणे भेटत असे. बँकेच्या नोंदी त्या भेटींशेजारी ठेवल्या, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. १७ मे १९८५ रोजी जेवणाची भेट आणि १८ मे रोजी खात्यात ९,००० डॉलर रोख. पुढेही तोच क्रम. २१ फेब्रुवारी १९९४ रोजी एम्सला अटक झाली आणि त्याला जन्मठेप झाली.

या तक्त्यात आडनावाचे अक्षर नव्हते, कोणाच्या वंशाची चौकशी नव्हती. तारीख, भेट आणि पैसे एवढेच होते. शिवाय हा निष्कर्ष खोटा ठरण्याची शक्यताही खुली होती. भेटी आणि जमा रकमा जुळल्या नसत्या, तर एम्सवरील संशय तिथेच कमजोर झाला असता.

दिल्लीत नेमलेला जनरल

एम्सने फोडलेल्या नावांत सोव्हिएत लष्करी गुप्तचर दलाचे जनरल दिमित्री पोल्याकोव्ह होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते अमेरिकेला माहिती देत होते. १९७० च्या दशकात आणि नंतर पुन्हा त्यांची नेमणूक नवी दिल्लीतील सोव्हिएत दूतावासात होती. तिथूनही ‘सीआयए’शी त्यांचा संपर्क सुरू राहिला. शीतयुद्धातील अमेरिकेच्या सर्वात मौल्यवान हेरांत त्यांची गणना होते. गोलित्सिन यांच्या सिद्धांतामुळे अँगलटन मात्र त्यांनाही बनावट समजत. १९८६ मध्ये त्यांना अटक झाली आणि १९८८ मध्ये मृत्युदंड देण्यात आला. ज्याच्यावर अँगलटन यांनी विश्वास ठेवला नाही, त्याने खरेपणाची किंमत जीव देऊन मोजली.

मग अँगलटन यांचा वारसा काय?

फुप्फुसाच्या कर्करोगाने अँगलटन यांचे मे १९८७ मध्ये वॉशिंग्टन येथे निधन झाले. वर्षभराने, मे १९८८ मध्ये, फिल्बी मॉस्कोत मरण पावला. इस्रायलने जेरुसलेममध्ये अँगलटन यांच्या स्मरणार्थ शिळा उभारली. ‘द गुड शेफर्ड’ या २००६ च्या चित्रपटातील नायक बऱ्याच अंशी त्यांच्यावर बेतलेला आहे.

त्यांची मूळ भीती चुकीची नव्हती. सोव्हिएत हेर पाश्चात्त्य संस्थांत शिरले होते आणि फिल्बी त्याचा पुरावा होता. चूक झाली ती पद्धतीत. एकाच स्रोतावर विसंबणे, त्यालाच परीक्षक करणे, निष्कर्ष गुप्त ठेवून इतरांना तपासू न देणे आणि पुराव्याचा अभाव हाच शत्रूच्या चलाखीचा पुरावा मानणे. २० वर्षे एकाच माणसाच्या हाती हे काम राहिल्याने त्याला अडवणारेही कोणी उरले नाही.

ही चूक त्यांच्यासोबत संपली नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एफबीआयने माहिती फोडल्याच्या संशयावरून ‘सीआयए’चे अधिकारी ब्रायन केली यांना दीर्घकाळ घरी बसवले आणि त्यांच्या कुटुंबीयांचीही चौकशी केली. फेब्रुवारी २००१ मध्ये खरा फितूर पकडला गेला. तो एफबीआयचाच प्रतिहेरगिरी अधिकारी रॉबर्ट हॅन्सन निघाला. केली यांची संस्थेने माफी मागितली आणि ते कामावर परतले. कार्लो यांना भरपाईसाठी पाव शतक थांबावे लागले होते. केली यांना दोन वर्षांच्या आत न्याय मिळाला, पण तोही खरा गुन्हेगार हाती लागला म्हणून.